सही नसलेला माणूस : फेलिक्स फेनेओंची कात्री

आमच्या ॲपमध्ये एक छोटं फंक्शन आहे. बातमीचं शीर्षक फोनच्या लॉक स्क्रीनवर मावेल इतकं कापायचं, एवढंच त्याचं काम. ते मी लिहिलंय. पहिल्या आवृत्तीत बग होता. मी इंग्रजीच्या हिशेबाने अक्षरं मोजत होतो, त्यामुळे देवनागरीतली जोडाक्षरं मधोमध तुटायची. ‘मृत्यू’चा ‘मृत्’ व्हायचा आणि पुढे तीन टिंबं. तो बग मी दुरुस्त केला. काही महिन्यांनी एका मीटिंगमध्ये आलेख दाखवला गेला. ज्या नोटिफिकेशन्स नेमक्या शेवटच्या शब्दाआधी कापल्या जात होत्या, त्या लोक जास्त उघडत होते. बस दरीत कोसळली हे दिसायचं, आतल्या लोकांचं काय झालं हे कळायला बोट लावावं लागायचं. ठरलं की जमेल तिथे असंच कापायचं. तेही मीच लिहिलं. दोन दिवसांचं काम होतं.

त्याच सुमारास एका मित्राने एक पुस्तक हातात ठेवलं. म्हणाला, “हे बघ, १९०६ सालचं ट्विटर.” पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकात छापून आलेल्या तीन-तीन ओळींच्या बातम्या. ल्यूसी सांत यांनी केलेला इंग्रजी अनुवाद. (मला फ्रेंच येत नाही. इथे जे लिहितोय ते इंग्रजीतून वाचलेलं आहे.) पहिली वीस पानं मी हसत वाचली. मग हसायचं थांबलो, पण पुस्तक खाली ठेवता आलं नाही. त्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाचं नाव फेलिक्स फेनेओं. बातम्यांखाली ते नाव नव्हतं.

फेनेओंबद्दल वाचायला लागलात की एक साचा लगेच भेटतो. टोकदार दाढीचा, उंच टोपी घालणारा, थंड विनोदाचा माणूस. दिवसा युद्ध मंत्रालयात कारकून, रात्री अराजकवादी. सराचा शोध लावणारा, मातिसची चित्रं विकणारा, ट्विटरचा पणजोबा. २०२० साली न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याच्यावर आख्खं प्रदर्शन भरवलं. चित्रकारावर नाही, चित्रांवर लिहिणाऱ्यावर. हे दुर्मीळच. पण या सगळ्या कौतुकात एक गोष्ट सरसकट चांगली म्हणून धरलेली असते, ती म्हणजे त्याचं मागे राहणं. सही न करणं, ‘मी’ न लिहिणं, दुसऱ्याचं पुढे करणं, जास्तीचं कापून टाकणं. मला वाटतं, तीच एक सवय त्याच्या हातून सर्वांत न्याय्य काम करून घेते आणि सर्वांत क्रूर कामही. दोन्ही एकाच कात्रीची कामं आहेत.

सुरुवात १८८६ पासून करू, कारण त्याचं सगळं मोठेपण त्या एका वर्षात दिसतं. तेव्हा तो २४-२५ वर्षांचा. १८६१ मध्ये इटलीतल्या तुरिनमध्ये जन्म, बालपण फ्रान्समधल्या बर्गंडीत, परीक्षेत पहिला येऊन वयाच्या विसाव्या वर्षी युद्ध मंत्रालयात नोकरी. १८८६ च्या मे-जूनमध्ये पॅरिसच्या र्यू लाफित या रस्त्यावर इंप्रेशनिस्टांचं आठवं आणि शेवटचं प्रदर्शन भरलं. तिथे जॉर्ज सराचं ते प्रचंड चित्र होतं : सीन नदीतल्या ग्रांद झात बेटावरची रविवारची दुपार. बायका, छत्र्या, कुत्रा, माकड, सगळे पुतळ्यांसारखे उभे, आणि सगळं लाखो ठिपक्यांनी रंगवलेलं. लोक हसले. इजिप्तच्या बाहुल्या, लाकडी सैनिक अशी थट्टा झाली.

फेनेओंने ‘ला व्होग’ या नव्या, लहान नियतकालिकात त्यावर लिहिलं. हा लेख वाचताना मला जे जाणवलं ते एखाद्या इंजिनियरलाच जाणवेल असं नाही, पण मला ते चटकन जाणवलं. तो चित्राचं कौतुक करतच नाही. तो चित्राचा एक चौकोन उचलतो, सावलीतल्या गवताचा एक तुकडा, आणि त्यात कुठल्या रंगाचे ठिपके आहेत, जास्त कुठले, विरळ कुठले, का, हे मोजल्यासारखं सांगत जातो. गवताचा स्वतःचा हिरवा, त्यावर उन्हाचा नारिंगी, त्याच्या विरोधातला जांभळा, शेजारून उडालेला निळा. रंग पॅलेटवर मिसळायचे नाहीत. वेगवेगळे ठेवायचे आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात मिसळू द्यायचे. तुमच्या हातातल्या स्क्रीनवर आत्ता हेच चाललंय. लाल, हिरवे, निळे बारीक दिवे शेजारी-शेजारी, आणि पांढरा रंग तुमच्या डोळ्यात तयार होतोय.

त्या काळची चित्रसमीक्षा कशी असायची? समीक्षक दालनात शिरायचा, भारावून जायचा, आपली भावना सांगायचा, जाता-जाता कवितेची ओळ टाकायचा. आपल्याकडेही प्रदर्शनांवरचे बरेच लेख अजून असेच असतात. रंग ‘बोलके’ असतात, रेषा ‘लयदार’ असतात, आणि लेख संपेपर्यंत चित्रात नक्की काय होतं ते कळत नाही. फेनेओंने यातून स्वतःला काढून टाकलं. त्याला काय वाटलं हे तो सांगत नाही. चित्र कसं चालतं ते सांगतो. हसणाऱ्या लोकांशी तो वादही घालत नाही. त्यांना फक्त चित्राच्या जवळ नेऊन उभं करतो. ‘निओ-इंप्रेशनिस्ट’ हा शब्द त्याच वर्षी त्याने ब्रसेल्सच्या एका नियतकालिकात वापरला आणि तो कायमचा चिकटला. हे लेख त्याने एका बारक्या पुस्तिकेत एकत्र केले. त्याच्या हयातीत त्याच्या नावावरचं समीक्षेचं पुस्तक म्हणावं असं एवढंच.

त्याच वर्षी, त्याच ‘ला व्होग’मध्ये, आणखी एक काम त्याच्या हातून झालं. आर्थर रँबोच्या ‘इल्युमिनेशन्स’ची सुटी पानं संपादकांकडे आली होती. क्रमांकांचा पत्ता नाही, आणि कवी स्वतः आफ्रिकेत व्यापार करत होता, कविता सोडून दिलेली. फेनेओंने ती पानं लावली. आज जगभर ती कवितामाला ज्या क्रमाने वाचली जाते त्यात या कारकुनाच्या हाताचा मोठा वाटा आहे, आणि तो क्रम कितपत कवीचा, कितपत फेनेओंचा, यावर अभ्यासक अजून भांडतात. पंचविशीतल्या माणसाने एका वर्षात एका चित्रकाराला शब्द दिले आणि एका कवीला क्रम दिला. आणि सकाळी दहाला तो ऑफिसात हजर.

हे सगळं इतकं सुंदर आहे की इथेच थांबावंसं वाटतं. पण सराचं एक पत्र आहे.

१८९० मध्ये फेनेओंने पॉल सिन्याकवर एक छोटी पुस्तिका लिहिली. सिन्याक सराचा मित्र, ठिपक्यांच्या पद्धतीचा दुसरा खंदा पुरस्कर्ता. पुस्तिकेत पद्धतीची माहिती नेहमीप्रमाणे नेमकी होती. पण ती पद्धत आधी कुणी शोधली याचा उल्लेख नव्हता. सराने जून महिन्यात फेनेओंला पत्र लिहून तक्रार केली : तारखा देऊन, कुठलं काम आधी केलं, काय वाचलं, कुणाकडून शिकला ते सांगून. ज्याने आपल्याला जगापुढे आणलं त्यालाच हिशेब द्यावा लागतोय, ही त्या पत्रातली खरी वेदना. पुढच्या वर्षी मार्चमध्ये सरा वारला. वय ३१. त्याच्या स्टुडिओतल्या चित्रांची यादी करायला जे तिघं बसले त्यात सिन्याक, माक्सिमिलियाँ ल्यूस आणि फेनेओं होते.

फेनेओंने मुद्दाम नाव गाळलं असं मला वाटत नाही. ‘कुणी’पेक्षा ‘कसं’ महत्त्वाचं असं मानणाऱ्या माणसाला नावं ही फापटपसाऱ्यासारखी दिसत असावीत. स्वतःचं नाव गाळणं हा संयम आहे. दुसऱ्याचं गाळलं की तो अन्याय होतो. कात्री धरणाऱ्याला हा फरक नेहमीच जाणवतो असं नाही. आमच्या टीममध्ये कोड रिव्ह्यू करताना ‘कुणी लिहिलं याला महत्त्व नाही’ असं सगळ्यांत जोरात तेच म्हणतात, ज्यांचं नाव आधीच सगळ्यांना माहीत असतं.

आता बॉम्ब. ही गोष्ट सगळे मिटक्या मारत सांगतात, म्हणून मला ती जरा कोरडी सांगायची आहे.

१८९० नंतर फेनेओं अराजकवादी वर्तुळात खोल गेला. निनावी लिहायचा, नियतकालिकं चालवायला मदत करायचा. ‘ल पेर पेनार’ या कामगारांच्या पत्रात त्याने चित्रप्रदर्शनांवर रस्त्यावरच्या शिवराळ बोलीत लिहिलं. तोच माणूस, ज्याचं ‘ला व्होग’मधलं फ्रेंच इतकं घट्ट विणलेलं की अनुवादक घाम गाळतात. हा त्याचा मला सगळ्यांत आवडणारा उद्योग. चित्रकला समजावायला सोपं लिहायचं म्हणजे कमी सांगायचं असं नाही, हे त्याने करून दाखवलं.

१८९४ च्या फेब्रुवारीत त्याचा तरुण मित्र एमिल आँरी याने कॅफे तेर्मिनूसमध्ये बॉम्ब फेकला. तिथे मंत्री नव्हते, सेनापती नव्हते. संध्याकाळी संगीत ऐकत बसलेली साधी माणसं होती. मे महिन्यात आँरीला गिलोटिनवर चढवलं. मधल्या काळात, ४ एप्रिलला, सिनेटसमोरच्या फ्वायो रेस्टॉरंटच्या खिडकीत ठेवलेल्या कुंडीत बॉम्ब फुटला. मरण कुणाला आलं नाही. लोराँ तायाद हा कवी तिथे जेवत होता, त्याचा एक डोळा गेला. गंमत अशी सांगतात की हाच तायाद काही महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका बॉम्बबद्दल म्हणाला होता की कृती सुंदर असेल तर बळींचं काय एवढं.

एप्रिलअखेर फेनेओंला अटक झाली. मंत्रालयातल्या त्याच्या ऑफिसात डिटोनेटर सापडले होते. वडिलांना रस्त्यात सापडले, असा खुलासा. वडील तोवर वारलेले. ऑगस्टमध्ये ‘तिसांचा खटला’ चालला. चोर, लेखक, विचारवंत सगळे एकाच कटाचे आरोपी. न्यायाधीश म्हणाले, तुम्ही एका अराजकवाद्याशी दिव्याच्या खांबामागे बोलताना दिसलात. फेनेओंने विचारलं, दिव्याच्या खांबाची मागची बाजू कुठली? पाऱ्यापासून स्फोटकं बनतात असं म्हटल्यावर तो म्हणाला, बॅरोमीटरही बनतात. कोर्ट हसलं. कवी मालार्मेने त्याच्या चारित्र्याची साक्ष दिली. तो सुटला. घरफोडीसाठी दोषी ठरलेले तिघं सोडले तर सगळेच सुटले.

हा खटला कटाचा होता, फ्वायोच्या बॉम्बचा नव्हता. तो बॉम्ब त्याने ठेवला का? फेनेओंची चरित्रकार जोन हाल्पेरिन यांचा निष्कर्ष : हो. त्याने पुढे एका मित्राच्या बायकोला तसं सांगितल्याच्या आठवणीवर त्यांचा भर आहे. कोर्टात ते कधी सिद्ध झालेलं नाही. मला खटकतं ते हे की ही गोष्ट सांगताना कुंडी, खांब, बॅरोमीटर, सगळं येतं, आणि तायादचा डोळा विनोदाचा शेवट म्हणून येतो. फेनेओंच्या चाहत्यांनी त्याची शैली इतकी आत्मसात केली आहे की ते त्याच्याबद्दलही तीन ओळींत लिहितात. त्याने बॉम्ब ठेवला असेल तर तो निनावी ठेवला, आणि तिथे कोण जेवायला बसेल हे ठरवलं नाही. सही नसलेली कृती.

नोकरी गेली, आणि त्यामुळे त्याला त्याचं खरं काम मिळालं. नाटान्साँ बंधूंच्या ‘ला रव्ह्यू ब्लांश’मध्ये तो आधी संपादकीय सचिव आणि मग संपादक झाला. १९०३ मध्ये नियतकालिक बंद पडेपर्यंत तिथेच होता. या काळातले लेखक-चित्रकार मोजायला गेलो तर हा लेख यादी होईल. जीद होता, तरुण प्रूस्त होता, जारी होता. संगीतावर काही काळ दब्यूसी लिहीत होता. बोनार, व्ह्यूयार, तूलूझ-लोत्रेक चित्रं देत होते. द्रेफ्यूसच्या बाजूने हे नियतकालिक ठामपणे उभं राहिलं. १९०० साली याच कचेरीत सराच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन झालं, त्याच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी.

या काळात तो स्वतः जवळजवळ काही लिहीत नव्हता.

त्याची दोन चित्रं शेजारी ठेवून बघा. सिन्याकने १८९० मध्ये काढलेलं पहिलं : पिवळ्या कोटातला फेनेओं बाजूने, हातात सायक्लमेनचं फूल, मागे रंगांचं भोवऱ्यासारखं चक्र. चित्राचं नाव तीन ओळींचं. फेनेओंने समोरून काढ असं सांगितलं होतं, सिन्याकने ऐकलं नाही. हेच चित्र पोस्टरांवर, मगांवर असतं. दुसरं फेलिक्स व्हालोताँने १८९६ मध्ये काढलं. रात्र, अंधारी खोली, टेबलावर दिव्याचा उजेड, आणि कागदांच्या ढिगावर पाठीतून वाकलेला एक सडपातळ माणूस. दाढी आहे, ऐट नाही. ‘रव्ह्यू ब्लांश’मधली एखादी रात्र. मराठीत संपादक म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे येतं, मौज-सत्यकथेच्या श्री. पु. भागवतांसारखं, हस्तलिखितावर बसून दुसऱ्याचं वाक्य त्याचं त्यालाच परत देणारं, ते या दुसऱ्या चित्राच्या जवळचं आहे. त्यांच्याबद्दलच्या तक्रारीही त्याच जातीच्या होत्या : तुम्ही जे कापता ते आमचं जगणं आहे.

१९०६ मध्ये फेनेओं ‘ल मातँ’मध्ये आला. त्याच्याकडे जे सदर आलं ते आपल्या दैनिकांतल्या ‘थोडक्यात’सारखं होतं. दिवसभरात तारेने आलेल्या किरकोळ बातम्या : अपघात, आत्महत्या, मारामाऱ्या, संप, टेलिफोनच्या तारा चोरणारे, वर्गातल्या क्रूसावरून चाललेली भांडणं. प्रत्येकीला फार तर तीन ओळी. मे ते नोव्हेंबर अशा काही महिन्यांत त्याने बाराशेच्या आसपास बातम्या लिहिल्या. सदराचं नाव ‘नुव्हेल’, म्हणजे बातम्या, आणि फ्रेंचमध्ये त्याच शब्दाचा अर्थ लघुकथा. आपल्याकडे याहून चांगली सोय आहे. ‘वृत्त’ म्हणजे बातमी आणि ‘वृत्त’ म्हणजे छंद. या तीन ओळी अक्षरशः दोन्ही आहेत.

त्याची युक्ती साधी दिसते. कोण, कुठे, का हे सगळं तो आधी स्वल्पविरामांमध्ये कोंबतो. माणसाचं वय, धंदा, गाव, एखादा फालतू वाटणारा तपशील. मुख्य घटना वाक्याच्या शेवटच्या टोकाला लोंबकळत ठेवतो. फ्रेंचमध्ये यासाठी वाक्य पिळावं लागतं, कारण क्रियापद मध्ये येतं. मराठीत क्रियापद आपोआप शेवटी येतं. आपल्याला ही सोय फुकट मिळालेली आहे आणि आपण ती ‘याप्रकरणी पोलिसांनी अकस्मात मृत्यूची नोंद केली आहे’ यावर उधळतो. (त्या वाक्यात मेलेला माणूस कुठेच नसतो, नोंद मात्र असते.)

म्हणजे शेवटचा शब्द रोखून धरणं, हे मी केलं आणि फेनेओंनेही केलं. फरक लगेच दिसतो : तो शब्द देतो. तिसऱ्या ओळीच्या टोकाला का होईना, माणसाचं काय झालं ते तिथे असतं. आमचं फंक्शन तो शब्द ओलीस ठेवतं. बोट लावा, जाहिरात बघा, मग सांगतो. हे कळल्यावर मला वाईट वाटलं, आणि थोडं बरंही वाटलं, कारण फेनेओंच्या बाजूला उभं राहता आलं.

पण ते बरं वाटणं टिकलं नाही. पुस्तक दुसऱ्यांदा वाचताना मी पेन्सिलने दोन प्रकारच्या खुणा केल्या. पहिल्या प्रकारात, थंडपणा वरच्या लोकांवर पडतो. संप मोडायला आलेले सैनिक, मालक, महापौर, न्यायालयं. इथे तीन ओळी म्हणजे खरोखर आरोपपत्र आहे. काहीही न म्हणता, दोन तथ्यं शेजारी ठेवून. सराने दोन रंग शेजारी ठेवले तसे. मिश्रण वाचणाऱ्याच्या डोक्यात होतं. फेनेओंबद्दल लिहिणारे बहुतेक जण हाच प्रकार दाखवतात आणि म्हणतात की बघा, बॉम्बऐवजी आता तो वाक्यं पेरतोय.

दुसऱ्या प्रकारात थंडपणा मेलेल्यांवरच पडतो. नदीत उडी घेतलेली मुलगी, रेल्वेखाली आलेला म्हातारा, विष घेतलेली बायको. तिथेही वाक्याचं टोक तितकंच चमकदार असतं, शब्दांची कोटी तितकीच अचूक. आणि हसू येतं. माझ्या खुणांमध्ये हा प्रकार कमी निघाला नाही. यातली मुलगी कुणाच्या विरोधात पुरावा नाही. ती फक्त एका चांगल्या वाक्याचा कच्चा माल आहे. समीक्षेत त्याने ‘मी’ काढला तेव्हा चित्र दिसायला लागलं, कारण चित्र त्याच्यासमोर होतं आणि तो ते तासन्‌तास बघत होता. इथे समोर कुणी नव्हतं. होती एक तार, ऑफिसात आलेली. न बघितलेल्या माणसाबद्दल अलिप्त राहायला काही किंमत मोजावी लागत नाही. ‘ग्रांद झात’वरचा लेख आणि या तीन ओळी, दोन्हीतली भाषा सारखीच थंड आहे, पहिल्या थंडपणाच्या मागे बघण्याचे कष्ट आहेत, दुसऱ्याच्या मागे संध्याकाळची डेडलाइन.

हे लिहूनही मला त्या बातम्या आवडतात. मी त्या लोकांना वाचून दाखवतो, आणि लोक हसतात, आणि मी त्यांना हसू देतो.

उरलेली कारकीर्द भराभर सांगता येईल. १९०६ च्या शेवटी तो बर्नहाइम-झन या गॅलरीत गेला आणि १९२४ पर्यंत तिथे राहिला. १९०९ मध्ये मातिसशी करार झाला, चित्राच्या आकारमानानुसार दर ठरवलेले. १९१२ मध्ये इटालियन फ्यूचरिस्टांचं गाजलेलं प्रदर्शन झालं. अराजकवादी दुकानदार झाला अशी टीका करणं सोपं आहे. समीक्षक म्हणून ज्याला मोठं केलं त्याचीच चित्रं जमवायची आणि गॅलरीत बसायचं, हे आजच्या नियमांत बसणार नाही. सराची बरीच चित्रं त्याच्या स्वतःच्या संग्रहात होती. पण त्यातलं ‘आन्येरचे स्नान करणारे’ हे प्रचंड चित्र १९२४ मध्ये लंडनला सार्वजनिक संग्रहात गेलं, एखाद्या श्रीमंताच्या दिवाणखान्यात नाही. ते आज नॅशनल गॅलरीत आहे. त्याने पैसे मिळवले, आणि चित्रंही योग्य जागी पोहोचवली. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

याच काळातलं एक संपादकीय काम मात्र थांबून बघण्यासारखं आहे. गॅलरीच्या पाक्षिकात १९२० साली त्याने एक परिसंवाद चालवला. आफ्रिका, ओशनिया, अमेरिका इथल्या शिल्पांना लूव्ह्रमध्ये जागा मिळावी का, हा प्रश्न त्याने वीसेक जणांना विचारला : मानववंशशास्त्रज्ञ, कलावंत, व्यापारी, वसाहतींत राहून आलेले लोक. तेव्हा या वस्तूंना ‘रानटी’ किंवा ‘आदिम’ म्हणायची पद्धत होती. फेनेओंने शीर्षकात शब्द वापरला ‘दूरच्या कला’. दूर, म्हणजे पॅरिसपासून. कमी नाही, मागे नाही, अंतरावर. एका विशेषणाची दुरुस्ती. अर्थात त्याच्याकडेही या शिल्पांचा मोठा संग्रह होता, आणि ती पॅरिसमध्ये कुठल्या मार्गाने आली हा प्रश्न त्या परिसंवादाचा नव्हता. लूव्ह्रने या कलांसाठी दालन उघडलं ते २००० साली.

म्हातारपणी त्याच्याकडे जुने लेख पुस्तकरूपात छापू द्या अशा मागण्या यायच्या. तो नाही म्हणायचा. आपल्याला फक्त आडून केलेली कामं आवडतात, अशा अर्थाचं काहीतरी उत्तर द्यायचा. २९ फेब्रुवारी १९४४ ला तो गेला. (तारखांचा कोड लिहिणाऱ्यांना ही तारीख टेस्ट केसमध्ये टाकायला हरकत नाही.) त्यानंतर १९४८ मध्ये झाँ पोलाँ यांनी त्याचं लेखन छापलं. १९७० मध्ये हाल्पेरिन यांनी जे दोन खंड काढले त्यांचं शीर्षकच ‘समग्रपेक्षा जास्त’ अशा अर्थाचं आहे. जे त्याने आयुष्यभर विखरून, निनावी ठेवलं, ते सगळं शोधून त्याच्या नावावर लावलेलं.

तीन ओळींच्या बातम्या त्यात येऊ शकल्या, कारण त्या कुणीतरी जपल्या होत्या. वर्तमानपत्रात सही नव्हती, दुसऱ्या दिवशी रद्दी. कामिय प्लातील, जिच्याशी त्याचे वर्षानुवर्षं संबंध होते, ती त्या कापून एका वहीत चिकटवत होती. ही वही कशी दिसत असेल याचा मी बरेचदा विचार करतो. बाराशे तुकडे. नदीतली मुलगी, रेल्वेखालचा म्हातारा, संपावरचे कामगार, एकाखाली एक, खळ लावून. फेनेओंने त्या बातम्या लिहून हातावेगळ्या केल्या होत्या. त्या वहीत त्या रोज कुणीतरी पुन्हा वाचत होतं, निदान चिकटवण्यापुरत्या.